पाण्यातल्या शिखराचा निवाडा

इंग्लंडचा कायदा आठशे वर्षं टक्क जागा आहे. राजे निजले, पार्लमेंटं पेंगली, पण कायद्याची पापणी कधी लवली नाही, असं बॅरिस्टर ऑब्रे टँक्रेड सांगत असत. सांगत ते बहुधा दुपारच्या जेवणानंतर, आणि ‘पापणी’ या शब्दापाशी आले की त्यांची हनुवटी पांढऱ्या गळपट्टीवर टेकायची. पुढचा तासभर कायद्याला एकट्यालाच जागं राहावं लागे.

त्या तासात हेस्टर ऑलरेन्शॉ-प्यू कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून गुरूंचं घोरणं ऐकायची. ती त्यांची उमेदवार होती. परीक्षा दिल्या, ‘इन’ या वकिलांच्या जुन्या संस्थेतली ठरलेली जेवणं जेवली, तरी माणूस बॅरिस्टर होतो तो कागदावर. खरा व्हायचा तर वर्षभर कुणा मुरलेल्या बॅरिस्टरच्या खोलीत उमेदवारी करावी लागते. त्यानं बोलायचं, हिनं ऐकायचं. त्यानं कोर्टात उभं राहायचं, हिनं मागच्या बाकावर टिपणं घ्यायची. वर्ष सरलं की चेंबर्समधली, म्हणजे एका जिन्यावरच्या बॅरिस्टरांच्या खोल्यांमधली, सगळी मंडळी चहाला जमतात आणि हिला आपल्यात कायमची जागा द्यायची, की ‘फार आनंद वाटला’ म्हणून वाटेला लावायची, ते बिस्किटं बुडवता बुडवता ठरवतात.

हेस्टरचा चहा गुरुवारी होता. त्या जिन्यावर आजवर एकाही बाईला जागा मिळाली नव्हती. “मनं आमची मोठी आहेत हो,” चेंबर्सचे प्रमुख म्हणत, “संडास एकच आहे.” जागा नाही मिळाली तर हडर्सफील्डला जाऊन वडिलांच्या दुकानात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाटल्या अधूनमधून स्वप्नातही यायला लागल्या होत्या.

आणि त्याच गुरुवारी सकाळी टँक्रेडसाहेबांची मिसेस बॅग्नॉलच्या तळ्याची केस लागली होती.

मिसेस बॅग्नॉलचं तळ्याकाठी चहाचं उपाहारगृह होतं. पलीकडच्या काठावर शेजारी हॉस्किन यांची जुनी पांढरी पवनचक्की. ती तळ्यात उलटी दिसायची, आणि लोक चहा घ्यायला नव्हे, तर ते उलटं चित्र बघायला यायचे. चहा नाइलाजानं प्यायचे. आता हॉस्किन त्या चक्कीवर लाल रंगानं टायरची जाहिरात रंगवणार होते. “चक्की त्याची असेल,” मिसेस बॅग्नॉल म्हणाल्या, “पण पाण्यातली माझी आहे!”

“म्हणणं सुंदर आहे,” टँक्रेड हेस्टरला म्हणाले. “म्हणजेच कायद्यात त्याला आधार नाही. देखाव्यावर कुणाचा हक्क नसतो. तरी बघ, जुन्या निवाड्यांत काही सापडतंय का.”

मंगळवारी दुपारी हेस्टर इनच्या ग्रंथालयात बसली. बाहेर थेम्सवरून धुकं वर चढत होतं, आणि खिडक्यांना काचांऐवजी दूध लावल्यासारखं दिसत होतं. हिरव्या शेडचा दिवा, पुस्तकांच्या चामड्याचा वास, लांबवर एखाद्या बोटीचा भोंगा. जुन्या निवाड्यांचे खंड तिनं भोवती रचले. एकात डुकरं होती, एकात मधमाश्या, एकात कुणाची तरी वाहून गेलेली बायको. तळं कुठंच नव्हतं. मग हळूहळू पाणीच आलं. कपाटांच्या मधल्या वाटेनं ते घोट्याएवढं भरलं, आणि त्यावरून एक छोटी नाव अलगद आत शिरली. नावेत लांब केसांच्या टोपातले एक म्हातारे न्यायमूर्ती बसले होते. ते वल्हवत वल्हवत टेबलापाशी आले आणि निकाल सांगू लागले. घाईगर्दी नाही, आवाज मऊ, जसा काही तो तिनं लिहून घ्यावा म्हणूनच सांगत होते. त्यांच्यामागे पाण्यात एका देवळाचं शिखर थरथरत होतं. हेस्टरनं लिहून घेतलं. म्हातारबुवांनी मान लववली आणि नाव ‘भाडेकरू व मालक’ या कपाटाला वळसा घालून दिसेनाशी झाली.

भानावर आली तेव्हा वहीत तिच्याच अक्षरात सगळं नीट उतरलेलं होतं: पेनीफादर विरुद्ध सेंट ऑस्मंडचे धर्मगुरू. साल, खंड, पान, सगळं. डोळे चोळत तिला वाटलं, उतरवून घेता घेता डुलकी लागली असावी. एवढे खंड उघडे पडलेत, त्यातल्याच कशातलं तरी. टिपण तिनं गुरूंच्या टेबलावर ठेवलं. गुरू झोपले होते. उठल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं, छातीशी धरलं आणि म्हणाले, “अगं, हे इतकी वर्षं होतं कुठं?”

गुरुवारी कोर्टातही धुकं होतं. ते पक्षकारांबरोबरच आत आलं असावं. न्यायमूर्ती हेबलथ्वेट उंचावर, अर्धवट विरघळल्यासारखे दिसत होते. टँक्रेड उभे राहिले, झग्याची कड सावरली आणि गंभीरपणे वाचू लागले: “‘शिखर धर्मगुरूंचं, हे खरं. परंतु पाण्यात पडलेलं शिखर पाणीवाल्याचं; जसं कुंपणापलीकडं वाहून आलेलं पान.’ एवढं बोलून न्यायमूर्तींनी वल्हं डाव्या हातात घेतलं, आणि पुढे म्हणाले...”

हेस्टरची पेन्सिल थांबली.

वल्हं.

तिनं कोर्टभर नजर फिरवली. कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. तिला मात्र ग्रंथालयातली नाव आठवली. उमेदवारानं कोर्टात तोंड उघडायचं नाही. फारच निकड असेल तर गुरूचा झगा मागून ओढायचा, एवढीच मुभा. तिनं झगा ओढला. टँक्रेडना वाटलं, पोरगी दाद देतेय. त्यांचा आवाज चढला. तिनं आणखी जोरात ओढला. त्यांनी तो उतारा पुन्हा वाचला, वल्ह्यासकट.

“पेनीफादर!” न्यायमूर्तींनी डोळे मिटून मान डोलावली. “मी उमेदवार असताना आमच्या गुरूंनी तोंडपाठ करून घेतला होता.”

हॉस्किनचे बॅरिस्टर मिस्टर ड्रिस्कॉल ताडकन उठले. “मायलॉर्ड, माझे विद्वान मित्र पेनीफादर काढणार हे मला माहीत होतंच. माझं म्हणणं एवढंच, की तो निवाडा देवळाच्या शिखरापुरता आहे. पवनचक्कीला तो लागू नाही.”

“का नाही?” न्यायमूर्ती म्हणाले. “दोन्ही आकाशाकडं बोट दाखवतात.”

“चक्की गोल बोट फिरवते, मायलॉर्ड.”

“म्हणजे अधिकच भाविक!” टँक्रेड म्हणाले.

अर्धा तास हे चाललं. चक्कीत शिखराचं किती आणि शिखरात चक्कीचं किती, यावर त्या तीन विद्वानांनी इतकं गोड, इतकं संथ मंथन केलं, की हेस्टरला वाटलं, आपल्याला अजून जाग आलेलीच नाही. हे तिघंही आपल्याच स्वप्नात बसलेत, आणि आपण खोकलो तर वाऱ्यावर जातील. गप्प बसलं तर? गप्प बसणं हीच उमेदवारी, असं वर्षभर ऐकलं होतं. गप्प बसलं की केस जिंकली, गुरू खूश, आणि संध्याकाळी चहा. समोर मिसेस बॅग्नॉल प्रार्थनेला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

जेवणाची सुट्टी झाली. बाहेरच्या दगडी कमानीखाली तिनं गुरूंना गाठलं.

“सर, पेनीफादर नाहीये.”

“नाहीये म्हणजे? गेला बिचारा?”

“नव्हताच. मला झोप लागली होती. नावेतून एक न्यायमूर्ती आले आणि त्यांनी सांगितला.”

“तरीच वल्हं,” टँक्रेड म्हणाले. “मला वाटलं, जुन्या काळची पद्धत असेल.” मग हळूच म्हणाले, “कुणाकुणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“न्यायमूर्तींना तर पाठ आहे. ड्रिस्कॉलला आधीपासून माहीत होता. हेस्टर, या देशात पेनीफादर ज्याला माहीत नाही, अशी तू एकटीच.”

“कोर्टाला फसवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“ते मी जागा असताना शिकवलं असणार.” त्यांनी टोप काढून डोकं खाजवलं. “संध्याकाळी चहा आहे तुझा. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तरी सांगा, सर. नाहीतर मी उठून सांगीन.”

“तू उठू नकोस. तुला बोलायची परवानगी नाही. केस मोडायची तर निदान रीतीनं मोडू.”

सुट्टीनंतर टँक्रेड उभे राहिले आणि आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण केलं. “मायलॉर्ड, पेनीफादरचा निवाडा मी मागे घेतो. तो माझ्या उमेदवाराला स्वप्नात मिळाला. तपासून घेणं माझं काम होतं. मी ते केलं नाही.”

न्यायमूर्ती हेबलथ्वेट यांनी प्रथम टँक्रेडकडं, मग हेस्टरकडं, मग छताकडं पाहिलं.

“मग मी पाठ केलेला, तो...”

“दुसरा पेनीफादर असावा, मायलॉर्ड.”

“असणारच,” न्यायमूर्ती घाईनं म्हणाले. “मोठं घराणं.”

“मीही त्या दुसऱ्यालाच उत्तर देत होतो,” ड्रिस्कॉल म्हणाले.

आता मिसेस बॅग्नॉलच्या बाजूनं कायद्यात काडीही उरली नव्हती. त्यांनी पर्स बंद केली. न्यायमूर्तींनी लेखणी उचलली, तेवढ्यात मागच्या बाकावरून हॉस्किन उभे राहिले. आडदांड माणूस, जन्म टायर विकण्यात गेलेला. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते.

“साहेब, त्या स्वप्नाचं तुम्ही बघून घ्या. मला एवढंच विचारायचंय. माझी चक्की देवळाच्या शिखराच्या तोडीची आहे, असं हायकोर्टात अर्धा तास बोललं गेलं, ते खरं ना?”

“बोललं गेलं, हे खरं,” न्यायमूर्ती जपून म्हणाले.

“मग तिच्यावर टायर रंगवायला मी काय राक्षस आहे?” हॉस्किननी डोळे पुसले. “पांढरीच राहू दे. बॅग्नॉलबाई, घरी चला. चहा कराल ना चांगला? आजवर नाही केलात, म्हणून विचारतो.”

केस मिटली. हेस्टरची मिटली नव्हती.

संध्याकाळी वर चहा सुरू झाला तेव्हा ती खाली कारकून सिरिलच्या खोलीत कोट घालूनच बसली होती. चेंबर्समध्ये कुणाला कुठली केस द्यायची हे सिरिलच ठरवी; बॅरिस्टर मंडळी त्याला नावानं हाक मारत आणि मनातून टरकून असत. बाहेर गॅसचे दिवे लागत होते. धुक्यात एकेक दिवा फुलायचा, पण खांब दिसायचा नाही. जणू कुणीतरी अंगणात पिवळी फुलं नुसतीच हवेत सोडली होती. तिनं मनातल्या मनात खोकल्याच्या बाटल्या ओळीनं मांडायला घेतल्या.

“कोट काढा, मिस,” सिरिल दारातून म्हणाला. “उकडेल.”

“काय झालं वर?”

“मोठे साहेब म्हणाले, पोरीनं चेंबर्सचं नाक कापलं. टँक्रेडसाहेब म्हणाले, तीस वर्षं उमेदवारांनी मला खरे निवाडे आणून दिले आणि त्यांच्या जोरावर मी हरत आलो. चूक झाली तर ते वर्षभरानं, अपिलात कळवायचे. हिनं जेवणाच्या सुट्टीत कळवली, आपला चहा माहीत असून. हिला सोडायची तर मलाही सोडा.”

“मग?”

“मग टँक्रेडसाहेबांना झोप लागली. झोपलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? सगळ्यांनी तुमच्या बाजूनं हात वर केले.”

“आणि तो संडासाचा प्रश्न?”

“तत्त्व म्हणून तो तसाच राहील. किल्ली तुम्हाला मिळेल.”

हेस्टरनं कोट काढला. हसावं की रडावं, ते ठरेना. अंगणातली पिवळी फुलं विरघळून एक झाली. आता ती या दगडांची, या दिव्यांची, या आठशे वर्षांची होती, आणि तिच्या मागून येणाऱ्या सगळ्या मुलींसाठी हे दार आता उघडं होतं.

सिरिल अजून दारातच घुटमळत होता.

“एक विनंती होती, मिस. जिन्याखालच्या पाटीवर तुमचं नाव रंगवायला उद्या पेंटर येतोय. तळाला जागा अगदी थोडी राहिलीय, ‘ऑलरेन्शॉ-प्यू’ मावणार नाही. नुसतं ‘प्यू’ चालेल का?”