साडेचारशेचा वेग

जयमालानं पाथर्डीत जुन्या स्टँडजवळ टायपिंगचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडून घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. तिचा धाकटा भाऊ महेंद्र नगरला कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यानं तिच्यासाठी एकेक भाग निवडून मशीन तयार केलं.

प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा होता. पण त्या जातीचा प्रोसेसर साडेचारशेवरही पळतो, हे महेंद्रला कळलं होतं. मदरबोर्डवरची एक इवलीशी प्लास्टिकची टोपी काढून शेजारच्या पिनांवर बसवायची, एवढंच काम. नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला की प्रोसेसर तापतो, म्हणून त्यानं वर मोठा हीटसिंक आणि पंखा बसवला, मध्ये पांढरी पेस्ट लावली. थंडीचे दिवस होते. मशीन सलग चालवून पाहिलं, एकदाही अडकलं नाही. सुरू करताना पडद्यावर साडेचारशेचा आकडा यायचा आणि तो बघायला शेजारचे दुकानदार यायचे. बहिणीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. "ताई, असलं मशीन सगळ्या पाथर्डीत नाही," एवढंच म्हणाला.

मार्चच्या शेवटी तिचा फोन आला. "महेंद्र, मी काय दाबलं कुणास ठाऊक, पडदा निळा झाला आणि सगळं थांबलं."

महेंद्रच्या लगेच लक्षात आलं. पत्र्याचं दुकान, पाथर्डीचं ऊन. पण समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि तो त्यांना साडेचारशेचंच कौतुक सांगत होता.

"दोन बटणं एकदम दाबली असशील," तो म्हणाला. "घाई करत जाऊ नकोस."

"असेल बाई," जयमाला म्हणाली.

रविवारी तो गेला. पंख्यात स्टँडवरची धूळ गच्च बसली होती. ती त्यानं ब्रशनं काढली, डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं, समोर टेबलफॅन लावला. मशीन टिकून राहावं म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं वाढवलं. त्यानं उष्णता आणखी वाढणार, हे त्याला माहीत होतं. ती टोपी पुन्हा जागेवर बसवली असती तर सगळं मिटलं असतं. पण मग आकडा खाली आला असता, ताईनं कारण विचारलं असतं. त्यानं झाकण तसंच ठेवलं आणि चहा पिऊन परतला.

त्या वर्षी जयंतीच्या स्मरणिकेचं काम जयमालाकडं होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यात घ्यायच्या होत्या. कारभारीबाबा छप्पन साली आईला घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते. ते कुणाला फारसं काही सांगत नसत. पण त्या दुपारी ते दुकानातल्या बाकावर बसले आणि बोलत सुटले. जयमाला त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टाइप करत गेली. आईचं सांगताना बाबा अडखळले. ते थांबले, तशी तीही थांबली. ते पुन्हा बोलू लागले, तिची बोटं पुन्हा चालू लागली. सगळं सांगून झाल्यावर ते काठी घेऊन उठले. फ्लॉपीवर उतरवून घेण्यासाठी तिनं फाइल सेव्ह केली आणि मधेच पडदा निळा झाला.

मशीन पुन्हा चालू केल्यावर फाइल उघडली, पण आत नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं होती.

दुसऱ्या दिवशी महेंद्र आला. त्यानं होते नव्हते ते सगळे उपाय करून पाहिले. मजकूर गेला तो गेलाच. दाजी, म्हणजे प्रशांत, दारात उभे होते. "हिला झेपत नाही बहुतेक," ते हळूच म्हणाले. "मशीन देऊन टाकू या कुणाला तरी." जयमाला खाली मान घालून बसली होती. महेंद्रनं दोघांकडं पाहिलं आणि पुन्हा स्क्रू फिरवू लागला.

झाकण लावण्याआधी त्यानं ती टोपी गुपचूप मूळ जागी बसवली, व्होल्टेज उतरवलं. कुणीही पडद्यावरच्या आकड्याकडं पाहिलं नाही.

मग बाबांना पुन्हा बोलावलं. महेंद्र कोपऱ्यात बसला होता.

"बाबा, पुन्हा एकदा सांगता का? सगळं पुसलं गेलं," जयमाला म्हणाली. "माझ्याच हातनं."

बाबांनी सांगितलं. नगरपर्यंत पायी गेलो, तिथनं गाडीनं नागपूरला. गर्दी लई हुती. दीक्षा घेतली, माघारी आलो.

"आणि आईचं, बाबा? त्या काय म्हणाल्या होत्या ते?"

"सांगितलं की एकदा, पोरी," बाबा म्हणाले. "दरखेपी न्हाई सांगता येत."

ते गेल्यावर प्रशांत म्हणाले, "तुला आठवतंय ना? तूच लिही."

"मतलब आठवतो. शब्द नाही आठवत. मी लिहिलं तर ते माझं होईल."

तिनं तेवढंच टाइप करायला घेतलं. प्रत्येक बटण दाबण्याआधी ती त्या बटणाकडं नीट बघायची, मग बोट टेकवायची. एवढी भरभर टाइप करणारी त्याची बहीण. महेंद्रला ते बघवेना.

"ताई, तुझी चूक नव्हती," तो म्हणाला.

ती टाइप करतच राहिली. "राहू दे आता."

"नाही, ऐक. मी मशीन जास्त वेगावर ठेवलं होतं. उन्हात ते टिकत नव्हतं. पहिला फोन आला तेव्हाच मला कळलं होतं."

जयमालाचे हात थांबले. ती त्याच्याकडं वळली.

"आणि बटणांचं?"

"खोटं बोललो."

"वेग कशाला पाहिजे होता? मला तर पत्रिकाच छापायच्या असतात."

लोक बघायला यायचे, हे त्याला तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

"दाजींना सांग," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. आणि मग बाबांच्या घरी जाऊन त्यांनाही सांग. चूक माझीच, असं मी त्यांना सांगितलंय."

प्रशांतनं ऐकून घेतलं. बायकोकडं बघून ते काही बोलणार होते, पण तिनं बघितलंच नाही, तसे ते बाहेर निघून गेले. महेंद्र बाबांच्या घरी गेला. बाबा ओट्यावर बसले होते. मशीनचं त्यांना फारसं कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"मंजी तुला ठावं हुतं?"

"व्हय, बाबा."

"आन् ती एवढी वरमून माझ्याम्होरं बसली, तवा तू तितंच हुतास?"

"व्हय."

बाबा ओट्यावरून उठले. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि त्याच्यासमोर ठेवला. महेंद्रला तो उचलवेना, तसाच ठेवून उठणंही बरं दिसेना. तो पाणी प्यायला आणि स्टँडकडं निघाला.

जयंतीला स्मरणिका निघाली. जयमालानं एक प्रत त्याच्यासाठी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. सोबत निरोप काही नव्हता. कारभारीबाबांची आठवण जेमतेम पाव पान भरली होती. बाकी प्रत्येक पानावर रिकाम्या जागी वेलबुट्टी नाहीतर जाहिरात होती. त्या पानाचा उरलेला भाग मात्र तिनं कोरा सोडला होता.