क्रीम ताईचे, परीक्षा भाऊजींची

मित्रांनो, राजे आले, राजे गेले, सिंहासने धुळीला मिळाली. पण माणसाचा खरा चेहरा जर कोणी जवळून पाहिला असेल, तर तो मी. कारण तोंड धुतल्यावर ते कशाला तरी पुसावे लागते. मी एक जुना टॉवेल आहे.

नवा होतो तेव्हा पिवळाधमक आणि इतका मऊ, की दुकानदार मला गिऱ्हाइकाच्या गालाला लावून दाखवायचा. त्या मऊपणावरच ताईने मला घेतले. तिची त्वचा फार नाजूक. साबण बदलला की गाल लाल. म्हणून ती मला चेहऱ्यावर घासत नसे, अलगद टिपून घेई. एवढा मान आमच्यात कोणाला मिळतो? बाकीच्यांच्या नशिबी पाय असतात.

ताईच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आईवडील नव्हते, ताईनेच तिला लहानाची मोठी केली होती. लग्नाच्या फोटोत तिच्या शेजारी आपण जरा बरे दिसावे, एवढीच ताईची हौस. तिने नवे क्रीम आणले. डबीवर लिहिले होते, आधी हातावर थोडे लावून बघा. ताईने ते मनावर घेतले.

"अहो, हात इकडे करा."

"माझा? क्रीम तुझं ना?"

"तुम्हाला काही झालं नाही, तर मला काय होणार आहे?"

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, वेल्डर. हातावर ठिणगी पडली तरी चहाचा कप खाली ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात जसाच्या तसा होता. उलट जरा चकाकत होता. ताई निर्धास्त झाली आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिने चेहराभर क्रीम थापले.

सकाळी गाल लालबुंद, पापण्या सुजलेल्या. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि विचारले, "आधी हातावर लावून पाहिलं नाहीत?"

"पाहिलं की," ताई म्हणाली.

भाऊजींनी आपला हात पुढे केला.

फोटोच्या वेळी मला गार पाण्यात भिजवून गालाला धरून ताई आतल्या खोलीत बसली. नवरी स्वतः बोलवायला आली.

"मी नाही येत गं. तुझा फोटो बिघडेल."

"तू नसलीस तर बिघडेल. ऊठ, टॉवेलसकट चल."

त्या फोटोत मी आहे, मित्रांनो. नवरदेवापेक्षा उठून दिसतो.

ते दिवस गेले. मी विरलो, पिवळा रंग कुठल्या कुठे गेला, आणि आता बेसिनखाली फरशी पुसायला असतो. वर मात्र ताईचा आवाज ऐकू येतो. लेकीने नवे काही आणले की ती बजावते, "थोडंसंच, स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, रोज. आठ-दहा दिवस काही झालं नाही, तरच चेहऱ्याला. एका वेळी एकच वस्तू. आग झाली की लगेच धुवून टाक."

"आणि बाबांच्या हाताला?"

"लाव हवं तर. तेवढेच मऊ होतील."

मित्रांनो, ज्याची त्वचा त्याची. आपली परीक्षा दुसऱ्याच्या हातावर उरकू नका, आणि महत्त्वाच्या दिवसाच्या तोंडावर तर नवे काही लावूच नका. नाजूक त्वचेला घाई सोसत नाही. एवढे ऐकलेत तर माझे आयुष्य सार्थकी लागले.

आणि जाताना तो नळ जरा घट्ट बंद करा. मघापासून माझ्यावर ठिबकतोय.