क्वेतू म्बाली

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. कुवेतमधल्या फिंतास गावी एका लग्नाच्या मांडवात मजीद दुपारी दिव्यांच्या माळा जोडत होता. मुरुडचा हा इलेक्ट्रिशियन कुवेतला येऊन चार वर्षं झाली होती. तेवढ्यात अंगणात ढोल सुरू झाले. काळ्या वर्णाचे दहा-बारा कुवेती गोल धरून गाऊ लागले आणि शिडीवरच्या मजीदच्या हातातली पकड खाली पडली.

ते अम्माचं गाणं होतं. तांदूळ कांडताना ती गुणगुणायची तेच, ‘कवेतू बाली, बाली’. कानातल्या बालीचं गाणं, असं घरात सगळे समजत.

गाणं थांबल्यावर त्यानं म्हाताऱ्या ढोलवाल्याला, मर्जानला, गाठलं. मर्जान जहाजावरून मुंबईला जाऊन आलेला, त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

“चाचा, हे कुठलं गाणं? माझी अम्मा गाते हे.”

“आमच्या आज्यांचं. झांझिबारहून धरून आणून विकलं त्यांना. क्वेतू म्बाली, म्हणजे आमचं घर लांब आहे. पण तुझ्या अम्माला कसं ठाऊक?”

मजीदला अब्बा आठवले. ‘आपण अरबांचे वंशज,’ असं अब्बा छाती फुगवून सांगत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातले सिद्दी ढोल घेऊन दारी येत, त्यांना अब्बांनी कधी ओट्यावर चढू दिलं नव्हतं. मजीदनंही नाही.

त्यानं घरी पत्र टाकून अम्माला गाण्याबद्दल विचारलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, अम्मानं सांगितलेलं, बहिणीनं, ताहिरानं लिहिलेलं. ‘माझी आई सात वर्षांची असताना तिकडून गलबतात घालून आणली, इथं विकली. तुझ्या अब्बांना निकाहाआधीच ठाऊक होतं. त्यांनीच माझ्याकडून गप्प राहायची शपथ घेतली. गाणं तेवढं सुटलं नाही.’ खाली गाण्याच्या दोन ओळी होत्या. अब्बांना ठाऊक होतं! मजीदनं ते वाक्य तीनदा वाचलं.

शुक्रवारी तो मर्जानच्या घरी गेला. सगळं सांगून त्यानं त्या ओळी वाचून दाखवल्या. दुसरी ऐकताच म्हाताऱ्यानं त्याला ती पुन्हा वाचायला लावली.

“काय झालं, चाचा?”

“माझी आई पहिल्या ओळीवरच थांबायची. गाणं तिथंच संपतं, असं आम्ही समजत होतो.”

“मग या दुसऱ्या ओळीचा अर्थ काय?”

“आई, मला मेलेल्यांत मोजू नकोस.”

मर्जाननं सुनेला, नातवंडांना हाका मारून बोलावलं. मजीदनं पत्र गुडघ्यावर पसरलं आणि त्यांना ती दुसरी ओळ शिकवायला घेतली.