नाकारलेली ऑर्डर

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मालकिणीला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. फोरमनकाका मात्र आजूबाजूला कुणी नसलं की 'पोरी' म्हणायचे. तिच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हापासूनचे ते. वडील गेल्यावर नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं कसं ओळखायचं, हे काकांनीच तिला शिकवलं होतं.

कारखान्यातली दहातली सात खोकी एकाच बुटांच्या कंपनीत जात. त्या वर्षी कंपनीने याहून मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच होती: दुसरं मशीन बसवा आणि बाकीची किरकोळ गिऱ्हाइकं सोडा. ही बातमी फुटली आणि डबे खायच्या वेळी नुसता कल्ला झाला. खळ लावणाऱ्या बायकांनी तर नव्या मशीनच्या जागेवर खडूने रेघासुद्धा मारून ठेवल्या.

ताई होकार द्यायलाच कंपनीत गेली होती. साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून पाय मोकळे करायला गोदामाकडे वळली. तिथे तिचीच खोकी छताला टेकेपर्यंत रचलेली. एकही गठ्ठा फोडलेला नाही. तिने बोटाने धूळ पुसून तारीख वाचली. आठ महिन्यांपूर्वीची! मग साहेब भेटले. वर्षभरातले हे तिसरे साहेब. हसून म्हणाले, "आमची नुसती घोडदौड चाललीये बघा."

"विचार करून कळवते," एवढंच बोलून ती उठली.

पाहिलेलं कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीस माणसांत गोष्ट बोलली की संध्याकाळपर्यंत ती कंपनीच्या कानावर जाणार आणि हातात आहे तेही काम जाणार. शिवाय कंपनीचे बूट खपत नाहीत याला धूळ म्हणजे काही पुरावा नव्हे. आपलंच चुकत असेल तर? चार दिवस तिचा जीव टांगणीला लागला. घरी आरशासमोर उभी राहून ती दोन्ही बाजूंनी भांडून पाहायची. निवाडा करायला तिसरं माणूस तिथे नव्हतंच. पाचव्या दिवशी तिने ऑर्डर नाकारली आणि औषधवाले, साबणवाले, बेकरीवाले यांच्यासाठी लहान खोकी करायचं ठरवलं.

काका केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं.

"पोरी, वेड लागलंय का तुला?"

"काका, माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवतो की. पण कशावरून, ते तरी सांग."

ती टेबलावरचे कागद सारखे करत राहिली. काका दार उघडून निघून गेले.

ऑर्डर भिंतीपलीकडच्या कारखान्याला मिळाली आणि हळूहळू ताईकडचं कंपनीचं जुनं कामही तिकडेच गेलं. दोन महिन्यांनी काका तिकडे गेले आणि त्यांच्यामागे अकरा जण. पलीकडे दोन-दोन पाळ्या चालायला लागल्या. इकडे ताई खोक्यांचे नमुने पिशवीत भरून दुकानांचे उंबरठे झिजवत होती. एका बेकरीवाल्याने तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा बहुधा कंटाळूनच शंभर खोकी घेतली. कारखान्यात ती दिसली की हसणं थांबायचं. मग तिने माणसांत बसून डबा खाणंच सोडलं.

बुटांची कंपनी बुडाली नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं, तरी पलीकडची गाडी सुसाट. आपण एका बोटभर धुळीपायी बारा माणसं घालवली, असं तिला आता खरोखर वाटायला लागलं.

चौदाव्या महिन्यात कंपनीने एका पत्राने खरेदी थांबवली. आठवड्याभरात भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. लोक ताईला म्हणाले, "काय नजर आहे तुमची!" तिला आनंद असा झालाच नाही.

रविवारी सकाळी ती काकांकडे गेली. ते खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"परत या, काका. काम आहे."

"तुला तेव्हा माहीत होतं ना?"

"शंका होती." तिने गोदामातलं सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा पुसायचा थांबवला. मग म्हणाले, "अगं, नुसती शंका आहे असं म्हणाली असतीस ना, तरी मी थांबलो असतो. माझ्या तोंडून बाहेर जाईल असं वाटलं तुला?"

"मला भीती वाटत होती."

"मग तेच सांगायचं होतंस." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या अकरा जणांतल्या जमतील तेवढ्यांना घे. मला नको बोलावूस."

सोमवारी तिने मशीन थांबवून सगळ्यांना गोळा केलं. जुन्यांपैकी परत आलेले सात जण मागे उभे होते.

"तीन महिन्यांचं काम आहे," ती म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. कागद महाग होतोय, औषधवाले दुसरीकडे चौकशी करतायत असा मला संशय आहे. बाहेर बोलू नका. पण तुम्हाला माहीत असायला हवं."

 खळ लावणाऱ्या एका बाईने विचारलं, "म्हणजे बंद पडणार का, ताई?"

"पडू नये म्हणून धडपडतेय."

 तिने मशीन सुरू करायची खूण केली आणि केबिनमध्ये येऊन औषधवाल्यांना फोन लावला.