वजनाची चाचणी

लिफ्टची चाचणी रिकाम्या लिफ्टवर घेत नाहीत. आत लोखंडी वजनं ठेवतात, तीही पाटीवर लिहिलेल्या क्षमतेहून थोडी जास्तच, आणि मग तिला वरखाली पळवतात. तेवढं पेललं तरच माणसांना आत घ्यायचं. लिफ्ट मेकॅनिकने सारा जन्म याच हिशेबाने काढला होता, त्यामुळे स्वतःची वेळ आली तेव्हाही त्याला दुसरं काही सुचलं नाही.

हृदयात स्टेंट बसवून तो घरी आला, त्याच दिवशी बायकोने आपलं अंथरूण लेकीच्या खोलीत हलवलं. लेक लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. "तुमची झोपमोड नको," एवढंच ती म्हणाली. पहिल्या महिन्यात त्याला ते बरंही वाटलं. पुढे त्याने जेवताना "आता मी ठणठणीत आहे" असं दोन-चारदा ऐकवून पाहिलं. तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. मग एका संध्याकाळी त्याने तिचा हात धरला, तर चटका बसल्यासारखा तिने तो काढून घेतला आणि गॅस चालू राहिलाय म्हणत उठली. गॅस बंद होता, त्याने जाऊन पाहिलं. बायकोने आपल्याला मोडीत काढलं, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली, आणि ते त्याला फार लागलं.

विचारायची सोय नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात या विषयाचं दोघांनी कधी नाव काढलं असेल तर शपथ. सगळं शब्दांवाचून चालत आलं होतं, आणि चालतंय तोवर शब्द हवेत कोणाला?

तपासणीला गेल्यावर विषय काढला तो डॉक्टरीणबाईंनी, त्याच्या लेकीच्या वयाच्या. "चालणं चालू ठेवा, गोळ्या चुकवू नका. नवरा-बायकोच्या संबंधांनाही हरकत नाही. दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता आले की खुशाल." नवरा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिला, बायको पर्समध्ये किल्ल्या शोधू लागली. किल्ल्या नवऱ्याच्या खिशात होत्या. घरी पोचेपर्यंत दोघं हवापाण्यावर बोलले.

दोन जिने तर तो रोजच चढत होता. पण नुसते दोन जिने म्हणजे रिकामी लिफ्ट. तेवढ्यावर बायकोचा काय विश्वास बसणार? आजारपणानंतर मालकाने त्याला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं होतं. एका सकाळी तो तिथून सटकला, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असलेल्या एका उंच इमारतीत गेला, खांद्यावरच्या पिशवीत वीस किलोचं वजन टाकलं आणि चढू लागला. दुसरा मजला आला, तिसरा आला, गडी खूश. चौथ्यावर शर्ट भिजला. शहाण्याने इथे थांबायचं असतं. पण क्षमतेहून जास्त पेललं तरच खरं, हा त्याचा हट्ट. अति तिथे माती म्हणतात तसंच झालं. सहावा मजला यायच्या आत छातीत डावीकडे कळ आली आणि तो पायरीवर खाली बसला. वरून उतरणाऱ्या बाईंनी वॉचमनला हाक मारली, वॉचमनने त्याच्या मोबाइलमधून नंबर शोधून त्याच्या बायकोला फोन लावला.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन त्याच्या खाटेशी आल्या. "हृदय ठीक आहे. छातीचा स्नायू ताणलाय. पण एवढं ओझं घेऊन जिने चढायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच."

"मी?"

बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पळायला वाट नव्हती. "तुम्ही दोन जिने म्हणाला होतात," तो चादरीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, जरा जास्तच करून दाखवावं. म्हणजे हिची खात्री पटेल."

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. बायको मात्र हसली नाही.

"माझ्या ताईचे यजमान तसेच गेले," ती म्हणाली. "तिच्या कुशीत. लोकांना तिने सांगितलं, झोपेत गेले. खरं फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं झाली, अजून म्हणते, मीच मारलं त्यांना. आता हेही गेले तर मीपण तेच म्हणत बसायचं का?"

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "त्यांचं हृदय कधी तपासलं होतं?"

"छे. दवाखान्याची पायरी चढले नाहीत कधी."

"यांचं तपासलंय. उपचार झालेत, गोळ्या चालू आहेत. अशा वेळी तसं काही होणं फार क्वचित. जवळ आल्याने यांचं आयुष्य कमी होणार नाही. नुसतं भीत बसण्याने मात्र दोघांचीही तब्येत बिघडेल. आणि ताईंनाही सांगा, त्यांनी कोणाला मारलेलं नाही." पडदा ओढून त्या दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

बायकोने त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"मला वाटलं, तू मला मोडीत काढलंस," तो म्हणाला.

"मोडीत काढलं असतं, तर रोज रात्री तुमच्या दाराला कान लावून, श्वास चालू आहे ना, ते ऐकत उभी राहिले असते?"

इतके महिने ती पलीकडच्या खोलीत झोपलीच नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं.