मला सोडून गेली, बरं झालं!

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. कोपरी गावात सगुणाआजीच्या घरी राहतो. तीन लाकडी चाकं आणि धरायला एक आडवी दांडी, एवढाच माझा ऐवज. पण रुबाब विचारू नका! आजीचे दोन्ही मुलगे, प्रफुल्ल आणि कमलेश, मला ढकलतच चालायला शिकले. माझ्या खडखडाटाने अख्खी आळी जागी व्हायची, तरी लोक कौतुकच करायचे.

पुढे बैठं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि मी गॅलरीत जाऊन पडलो. माझ्या दांडीवर चक्क पायपुसणी वाळू लागली. प्रफुल्लला मुलगी झाली, कृतिका, तेव्हा वाटलं, आता आपले दिवस आले. कसचं काय! घरातली पहिली नात, आजीच्या कडेवरून उतरेल तर शपथ. दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकेना. तिची आई निशिगंधा काळजीने अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, फक्त तिला खाली सोडा. पण सोडली रे सोडली की आजी तिला उचलायला हजर.

मग कमलेशच्या लग्नाची हळद आली. मांडवात बेंजो दणाणत होता. निशिगंधाने मला पुसून खाली आणलं आणि नव्या पांढऱ्या फ्रॉकातल्या कृतिकाला माझ्यापाशी उभं केलं. आजी धावली आणि मध्येच थबकली. कमलेशला हळद लावून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. मावश्या, काकवा, सगळ्यांची तीच गत. फ्रॉकला हात लावणार कोण?

कृतिकाने माझी दांडी घट्ट धरली. बेंजोच्या तालावर आधी तिचे गुडघे हलले, मग माझी चाकं. थोडं पुढे जाऊन ती धपकन खाली बसली. माझा तर जीवच टांगणीला लागला! आजी दोन्ही हात वर धरून उभी होती, डोळे भरलेले.

"ऊठ गो बाय," ती हळूच म्हणाली. "मी हाय इथं."

पोरगी मला धरून उठली. मग तिने मला सोडलं आणि ती डुलत, खिदळत थेट आजीला जाऊन बिलगली. फ्रॉक पिवळाधमक झाला, पण आज त्याची फिकीर कुणाला!

मांडवात मी एकटाच उरलो आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मित्रांनो, घरातल्या चिमुकल्यांना कडेवरून खाली उतरवा. पडू द्या, उठू द्या, नाचू द्या. आम्हाला टाकून ती पळाली, तर आम्ही मुळीच रुसणार नाही.