भट्टी जिवंत ठेवायला किती?

कडाक्याच्या थंडीत, घरोघरी शेगड्या पेटायच्या वेळेलाच, गॅसवाहिनीत दाब देणारा मोठा कॉम्प्रेसर सकाळी बंद पडला; दुरुस्तीला दुपार होणार होती. कंट्रोल रूममधल्या इंजिनिअर मुलीला सगळे 'गणितबाई' म्हणत. कमीत कमी इंधन जाळून प्रत्येकाला पुरेसा दाब कसा द्यायचा, हे शोधणारा प्रोग्राम तिनं दोन वर्षं खपून लिहिला होता.

तिनं नवे आकडे भरले. उत्तर आलं: मार्ग नाही.

"हात टेकले का तुझ्या गणितानं?" साहेबांनी विचारलं. तीस वर्षं त्यांनी हे जाळं अंदाजानं चालवलं होतं.

"सगळ्यांना सगळं मिळणार नाही, एवढंच ते सांगतंय, साहेब. कुणाचं तोडायचं ते आपण ठरवायचं."

ज्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांचा गॅस तोडायची करारात मुभा होती, त्यांना पुरेसा गॅस देण्याची अट तिनं सैल केली. आता मार्ग निघाला: काचेचा कारखाना दुपारपर्यंत पूर्ण बंद.

तिथली भट्टी तिचा थोरला भाऊ सांभाळायचा. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून तिनं साहेबांना ते सांगून टाकलं आणि फोन स्पीकरवर लावला.

"दादा, किती गॅसवर भट्टी जिवंत राहील?"

"बंद करतेस की काय? अगं, काच आत थिजली तर भट्टीच फोडावी लागेल."

"रागावू नकोस. आकडा सांग."

भट्टीच्या घरघरीतून तो म्हणाला, "रोजच्या साठ टक्के. माल निघणार नाही, पण भट्टी तगेल."

"उरलेल्या दोघांनाही विचार," साहेब म्हणाले.

कागद कारखाना दुपारपर्यंत थांबायला तयार झाला. वीजघरानं पाचवा हिस्सा सोडला. तिन्ही आकडे भरल्यावर प्रोग्रामला नवा मार्ग सापडला. साडेअकराला इस्पितळाकडच्या टोकाचा दाब अगदी काठावर आला, पण खाली गेला नाही. एक वाजता कॉम्प्रेसर सुरू झाला.

दिवसभराचा माल वाया गेला म्हणून भाऊ दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी घरी आला. "आमची भट्टी गार होऊ द्यायची नाही, असा करारात उल्लेखच नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं."

"मी तरी कुठे विचारलं? कागद वाचले आणि आकडे भरले."

पुढच्या आठवड्यात ती एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन त्याची खरी गरज लिहून घेऊ लागली. साहेब सोबत होते. कुठल्या बॉयलरचा स्वभाव कसा, हे त्यांना तोंडपाठ होतं.